वाचकांचे प्रश्न : ओझूचा बुटका कॅमेरा आणि आपले माजघर

गेल्या अंकात जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू (१९०३-१९६३) याच्यावर एक छोटे टिपण आले होते. आईबाप, शहरात गेलेली मुले, लग्नाची झालेली लेक एवढ्याच ऐवजावर या माणसाने पन्नासहून अधिक चित्रपट काढले आणि कॅमेरा जमिनीलगत ठेवला, इतकाच त्याचा मजकूर. त्यावर पेणपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रे आली. पत्रे लांब होती, इथे प्रश्नापुरती घेतली आहेत.

'टोकियो स्टोरी' पाहिला. गावचे म्हातारे जोडपे शहरातल्या मुलांकडे जाते आणि मुलांना त्यांच्यासाठी सवड नसते. आमच्याकडच्या परळच्या खोल्यांची आठवण झाली. आता सुरुवातीचे चित्रपट बघायचे आहेत. पहिल्यापासून ओळीने बघू का? — वेंगुर्ले

ओळीने बघता येणारच नाहीत. १९२७ सालचा पहिला चित्रपट हरवला आहे, त्यानंतरचेही बरेच गेले. आज हाती असलेला सगळ्यांत जुना म्हणजे 'डेज ऑफ यूथ' (१९२९). दोन विद्यार्थी, एक मुलगी आणि बर्फावरची घसरगुंडी. खोलीच्या भिंतीवर हॉलिवूडच्या चित्रपटाचे पोस्टर लावले आहे आणि ते उगाच लावलेले नाही. पंचविशीतला ओझू अमेरिकन चित्रपटांवर लट्टू होता. पण सुरुवात याने करू नका, निम्म्यात सोडून द्याल.

सुरुवात करा १९३२ च्या 'आय वॉज बॉर्न, बट…' या मूकपटाने. दोन भाऊ नव्या वस्तीत राहायला येतात, तिथल्या दांडगट पोरांशी मारामाऱ्या करून म्होरके होतात. त्यांच्या टोळीतच वडिलांच्या साहेबाचा मुलगाही आहे. एके संध्याकाळी साहेबाच्या घरी हौशी कॅमेऱ्यावर टिपलेली फिल्म दाखवतात. आधी प्राणिसंग्रहालय येते. झेब्रा पांढऱ्यावर काळा की काळ्यावर पांढरा, यावर पोरांचा वाद रंगतो. मग पडद्यावर त्यांचे वडील येतात. साहेबाला हसवायला माकडचेष्टा करतात, तोंडे वाकडी करतात. खोलीतले सगळे हसतात. त्या दोन भावांच्या चेहऱ्यावरून हसू कसे उतरते ते नीट बघा. डोळे मोठे होत नाहीत, कुणी रडत नाही, नुसते हसू थांबते. घरी आल्यावर मात्र पोरे उपोषणाला बसतात. दुसऱ्या दिवशी अंगणात वडिलांच्या शेजारी बसून भाताचे गोळे खातात आणि उपोषण सुटते. कुणीही कुणाची माफी मागत नाही.

याच चित्रपटात एक जागा आहे. कॅमेरा वर्गातल्या मुलांच्या रांगेसमोरून सरकत जातो, तिथे कापून पुढचे चित्र जोडले की वडिलांच्या कचेरीतल्या कारकुनांसमोरून तसाच सरकतो आणि त्याच्यासमोर एकेक कारकून जांभई देतो. शाळा आणि कचेरी यांची अशी मोट बांधायला एकही पाटी, म्हणजे पडद्यावर येणारा लिखित मजकूर, लागलेली नाही. पुढचा ओझू असा कॅमेरा सरकवणार नाही, म्हणून ही जागा मुद्दाम लक्षात ठेवा.

त्यानंतर 'पासिंग फॅन्सी' (१९३३) आणि 'ए स्टोरी ऑफ फ्लोटिंग वीड्स' (१९३४). हे दोन आणि वरचा १९३२ चा, असे लागोपाठ तीन वर्षे 'किनेमा जुंपो' या जपानी मासिकाच्या यादीत पहिले आले. मग 'द ओन्ली सन' (१९३६), त्याचा पहिला बोलपट. रेशमाच्या कारखान्यात राबून आई मुलाला टोकियोला शिकायला पाठवते. काही वर्षांनी भेटायला जाते तर मुलगा रात्रशाळेत मास्तर झालेला. परळच्या खोल्या आठवल्या म्हणता, तर 'टोकियो स्टोरी'पेक्षा हाच तुम्हाला जास्त लागेल. तिथून थेट 'लेट स्प्रिंग' (१९४९) गाठा. मधले युद्धकाळातले दोन नंतर पाहिले तरी चालतील.

एवढे पाहून झाले की एक गोष्ट कळते. ओझूची शैली म्हणतात ती त्याने एकेक वस्तू घरातून बाहेर काढत बनवली. आधी चित्र चित्रात विरघळवणे गेले, मग अंधारत जाणे गेले, मग कॅमेऱ्याचे सरकणे गेले. बुटका कॅमेरा मात्र जवळजवळ पहिल्यापासून आहे आणि तो शेवटपर्यंत राहिला. सुरुवातीचे चित्रपट बघायचे ते यासाठी. नुसती शेवटची कामे पाहिली तर वाटते की हा माणूस जन्मतःच असा शांत होता. तसा तो नव्हता.

ह्यो माणूस कॅमेरो सदांच भुंयेर कित्याक ठेवता? — कुडाळ

पत्रातले बाकीचे चिमटेही पोचले! लोक याचे उत्तर ठोकून देतात की जपानी माणसे चटईवर बसतात, म्हणून बसलेल्या माणसाच्या नजरेइतका कॅमेरा. ते अर्धेच खरे आहे. पाटावर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे ७० ते ७५ सेंटीमीटरवर येतात. ओझूचा कॅमेरा त्याहून खाली असतो. शिवाय कचेरीत खुर्चीवर बसलेली माणसे असोत की गल्लीतून चालणारी, तिथेही तो खालीच असतो, फक्त त्या मानाने थोडा वर चढतो. म्हणजे नेम बसणाऱ्याच्या नजरेचा नाही. ज्याचे चित्र घ्यायचे त्याच्यापेक्षा भिंग खाली, हा नेम आहे.

उगम मात्र साधा आहे, त्याने स्वतःच सांगितलेला. १९२८ च्या सुमारास एका चित्रपटात दारूच्या गुत्त्याचा सेट होता. दिवे थोडे, त्यामुळे प्रत्येक शॉटला ते इकडून तिकडे हलवायचे. दोन-तीन शॉट झाले की जमिनीवर वायरींचे जाळे. ते दर वेळी आवरण्यापेक्षा त्याने कॅमेरा खाली घेऊन असा लावला की जमीनच दिसू नये. काम पटापट झाले आणि चित्रही आवडले. पुढे युहारू आत्सुता या छायालेखकाबरोबर त्याने यासाठी मुद्दाम बुटकी तिवई वापरली. त्यावर लावलेल्या कॅमेऱ्यातून बघायचे तर पोटावर पालथे पडावे लागे.

खाली ठेवल्याने होते काय? जमीन आक्रसून बारीक पट्टी होते, त्यामुळे खोलीतली माणसे जमिनीवर विखुरलेली न दिसता एकाच्या मागे एक उभ्या पातळ्यांवर येतात. पुढे चहाची किटली, मागे बाई, तिच्या मागे दाराची चौकट, चौकटीतून दुसरी खोली. बसलेल्या माणसाचे डोके पार्श्वभूमीच्या वरच्या भागात जाते आणि तो बसलेला असूनही भारदस्त वाटतो. हे उंचावरून टिपले तर माणूस चटईत बुडाल्यासारखा दिसतो.

आमच्या जुन्या घरात (माजघर १२ बाय १४ फूट, पुढे ओटी, मागे पडवी) फोनवर दहा मिनिटांचा लघुपट करतोय. ओझूसारखी चौकट धरायची आहे. ५० मिलिमीटरचे भिंग वापरायचा असे वाचले, म्हणून फोन दुप्पट झूमवर ठेवला. पण तसे दिसत नाही. कुठे चुकते? — गुहागर

तीन ठिकाणी. एकेक घेऊ.

पहिली चूक ५० या आकड्याची. ओझू ५० मिलिमीटरचे भिंग वापरायचा हे खरे, पण ते ३५ मिलिमीटरच्या चित्रपटाच्या फिल्मवर. तिथे चित्राची रुंदी जेमतेम २२ मिलिमीटर असते. फोनवरचे आकडे छायाचित्राच्या ३६ मिलिमीटर रुंद चौकटीच्या हिशेबाने दिलेले असतात. रुंदीचा हिशेब जुळवला तर ओझूचे ५० म्हणजे फोनच्या भाषेत जवळजवळ ८०. म्हणजे दुप्पट नव्हे, तिप्पट झूम. ज्या फोनला तिप्पटचे वेगळे भिंग आहे त्यावर काम सोपे. नसेल तर फोन चित्र कापून मोठे करतो, ते दुपारच्या उजेडात खपून जाते, पण माजघराच्या अंधारात दाणे पडतात.

आता अंतर. या भिंगाने, चित्र ओझूसारखे ४:३ मापाचे टिपले तर, चौकटीची उंची अंतराच्या साधारण एक-तृतीयांश होते. बसलेला माणूस डोक्यावर थोडी जागा सोडून पुरा घ्यायचा तर चौकट ४ फूट उंच हवी, म्हणजे कॅमेरा १२ फुटांवर. उभा माणूस डोक्या-पायाशी हवेसह घ्यायचा तर ७ फूट उंची, म्हणजे २१ फूट अंतर. तुमचे माजघर १४ फुटांचे. माणूस भिंतीला चिकटून बसवला तर कॅमेरा उंबऱ्यावर येतो आणि उभा राहिला तर त्याचे डोके कापले जाते. तेव्हा कॅमेरा ओटीवर न्या आणि दारातून आत बघा. दाराच्या दोन्ही बाजू चौकटीत येऊ द्या. ओझूच्या चित्रात दारांच्या एवढ्या चौकटी का दिसतात त्याचे निम्मे कारण तुम्हाला तिथेच कळेल. अंतर हवे असते आणि ते शेजारच्या खोलीत मिळते. छातीपर्यंतचे जवळचे चित्र ८ फुटांवरून होईल, ते माजघराच्या आत जमते.

दुसरी चूक उंचीची. तुम्ही लिहिता की तिवई 'सगळ्यात खाली' घेतली. बाजारातल्या साध्या तिवया सगळ्यात खाली आणल्या तरी बहुतेक दीड-दोन फुटांवरच थांबतात आणि वर फोनचा धरक वेगळा. भिंग जमिनीपासून ४० ते ५० सेंटीमीटरवर हवे. तिवई बाजूला ठेवा. चौरंग घ्या, त्यावर गरजेप्रमाणे एक-दोन पाट, वर दोन किलो तांदळाची कापडी पिशवी. फोन त्या तांदळात आडवा रोवा. तांदूळ फोनचा आकार धरतात, कोन बारीक बदलता येतो आणि कुणी शेजारून चालले तरी चित्र थरथरत नाही. सारवलेल्या जमिनीवर, कोब्यावर किंवा फरशीवर हे चालेल. माळ्याच्या फळ्यांवर चालणार नाही, तिथे प्रत्येक पाऊल चित्रात येते.

फोन वर कलवू नका. डोके कापले जाते म्हणून वर कलवला की दाराच्या उभ्या बाजू वर एकमेकींकडे झुकायला लागतात आणि चिऱ्याची भिंत मागे पडल्यासारखी वाटते. डोके कापले जात असेल तर मागे सरका. पडद्यावर जाळीच्या रेषा लावून दाराची उभी बाजू रेषेला समांतर आली की थांबा.

तिसरी चूक फोनच्या शहाणपणाची. दारातून कुणी आले की मागच्या पडवीचा उजेड झाकला जातो, फोन घाईने सगळे चित्र उजळतो, माणूस बाजूला झाला की पुन्हा काळवंडतो. चित्र असे श्वास घ्यायला लागले की ओझू संपला. चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि उजेड व फोकस दोन्ही कुलूपबंद करा. मग तालीम घ्या, मग टिपा.

उजेडासाठी सकाळी ९ ते ११ ही वेळ बरी. मागचे दार उघडे ठेवा, पडवीत उन्हाच्या तिरपेत पांढरे धोतर ताणून बांधा, म्हणजे उजेड उसळून आत येईल आणि चेहऱ्याची एक बाजू काळी राहणार नाही. कौलातली काच असेल तर तिचा कवडसा चौकटीबाहेर आहे ना ते बघा. अर्ध्या तासात तो हात-दीड हात सरकतो आणि मग एकाच संवादात तो कधी पाटावर, कधी कपाळावर दिसतो.

आवाज राहिलाच. तिप्पट झूमने चित्र जवळ येते, आवाज नाही. बारा फुटांवरचा फोन माजघराचा घुमणारा आवाज पकडेल. दुसरा फोन माणसांजवळ, पानाच्या डब्यामागे वगैरे ठेवून त्यावर फक्त आवाज टिपा. दोन्ही चालू झाले की चौकटीत एक टाळी वाजवा. ती टाळी जुळवली की बाकी सगळे जुळते.

दोघे समोरासमोर बोलत असतात, तरी दोघेही एकाच दिशेला बघताहेत असे वाटते. आमचे सर म्हणाले, ही रेषा ओलांडायची चूक आहे, परीक्षेत मार्क जातील. — रत्नागिरी

मार्क जातील हे खरेच. रूढ नेम असा की बोलणाऱ्या दोघांमध्ये एक रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. मग एक जण डावीकडे बघतो, दुसरा उजवीकडे, आणि नजरा भिडतात. ओझू कॅमेरा त्या रेषेवरच, जवळजवळ दोघांच्या मधोमध नेतो, एकाचा चेहरा टिपतो आणि उलट फिरून दुसऱ्याचा. दोघेही भिंगाच्या अगदी जवळून, एकाच बाजूने बघतात. नेम त्याला ठाऊक होता. सुरुवातीच्या काळात हॉलिवूड त्याने कोळून प्यायले होते. तो नेम त्याने जाणूनबुजून सोडला.

हे करून बघायचे तर भिंगाच्या कडेपासून चार बोटांवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, दोन्ही शॉटमध्ये एकाच बाजूला, आणि नटांना त्याकडे बघायला सांगा. दोन्ही शॉटमध्ये अंतर तेच, कॅमेऱ्याची उंची तीच, चेहऱ्याचा आकार तोच. एकाचा चेहरा मोठा आणि दुसऱ्याचा लहान झाला की बघणाऱ्याला धक्का बसतो आणि तेव्हा मात्र ती चूकच दिसते. एकाने वाक्य पुरे केल्यावरच कापा. तोडलेल्या वाक्यावर कापाल तर भांडण वाटेल.

आणखी एक. तो नटांना भाव दाखवायला सांगत नसे. मान कधी वळवायची, कप कधी खाली ठेवायचा हे ठरलेले असे आणि ते जमेपर्यंत पुन्हा पुन्हा टिपले जाई. आपल्याकडच्या हौशी नटांना हे उलट सोपे जाते. 'दुःखी दिस' म्हटले की ते गोंधळतात. 'तांब्या उचल, दोन घोट घे, तांब्या ठेवल्यावर बोल' म्हटले की बरोबर करतात.

कॅमेरा कधीच हलत नाही, हे खरे का? — पेण

शेवटच्या काळातल्या चित्रपटांत जवळजवळ नाही. 'टोकियो स्टोरी'त म्हातारे जोडपे शहरात उघड्यावर बसलेले असते तिथे तो भिंतीच्या कडेने हळूच सरकतो. आधीच्या मूकपटांत तर भरपूर हलतो.

मधेच वाळत घातलेले कपडे, चिमणी, रिकामी बोळवाट असे शॉट येतात. गोष्टीत त्यांचे काम काय? आम्ही बंदरावरच्या होड्या, सुकत घातलेले बोंबील, माड असे सगळे टिपले, पण पर्यटन खात्याची जाहिरात वाटते. — मुरुड-जंजिरा

जाहिरात वाटते कारण तुम्ही सुंदर ते निवडलेत. ओझूच्या या शॉटना समीक्षक 'उशीचे शॉट' म्हणतात. जुन्या जपानी कवितेत ओळीच्या सुरुवातीला येणाऱ्या ठरीव शब्दाला 'उशीशब्द' म्हणत, त्यावरून. त्यांचे काम एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना श्वास द्यायचे. चित्र विरघळवणे त्याने सोडले होते ना, त्याची ही भरपाई.

त्याच्याकडे हे शॉट दोन-तीनच्या जुडीने येतात. प्रत्येक शॉटमधली एखादी वस्तू पुढच्यात दुसऱ्या कोनातून दिसते, असे करत नकळत आपण नव्या घरात पोचतो. म्हणजे आधी धक्क्यावरची होडी. मग होडी कोपऱ्यात आणि मधे दोरीवरचे धुणे. मग तेच धुणे खिडकीतून, आणि आत बाई भाकऱ्या थापतेय. होडी, धुणे, बाई. माड यात कुठेच लागत नाही. सूर्यास्त तर अजिबात नको.

माणूस चौकटीत नसला तरी माणसाची खूण असू द्या आणि काहीतरी हलते ठेवा, धुणे, वाफ, पाण्याची तिरीप. सगळे निश्चल असेल तर लोकांना वाटते फोन अडकला. 'टोकियो स्टोरी'तले ओनोमिची हे बंदराचे गाव आहे, तिथे लाँचच्या इंजिनाची फटफट ऐकू येत राहते. चित्र बदलले तरी आवाज तोच राहिला की जागा बदलल्याचा धक्का बसत नाही. तुमच्याकडे ती फटफट आयती आहे.

श्रावणात घरच्या पडवीत मूकपट दाखवायचा आहे. मंडळी तीसेक, त्यात आजी-आजोबा बरेच. इंग्रजी पाट्या कोण वाचणार? आणि पत्र्यावर पाऊस. — दापोली

पत्र्यावर पाऊस असेल तर बोलपट ऐकूच येणार नाही, म्हणून मूकपटाची निवड उत्तम. आणि पाट्यांचे उत्तर जपाननेच देऊन ठेवले आहे. तिथे मूकपटाच्या वेळी पडद्याच्या बाजूला 'बेन्शी' नावाचा निवेदक उभा राहून पात्रांचे बोलणे, गोष्ट, सगळे सांगायचा. लोक नटासाठी येत तसे बेन्शीसाठीही येत. जपानमध्ये मूकपट उशिरापर्यंत टिकले त्याचे हे एक कारण. ओझूने मात्र १९३६ पर्यंत बोलपट टाळला त्याचे कारण निराळे. त्याचा छायालेखक हिदेओ मोहारा स्वतःचे ध्वनिमुद्रणाचे यंत्र बनवत होता आणि पहिला बोलपट त्याच यंत्रावर करायचा शब्द ओझूने दिला होता.

तुमच्यातल्या खणखणीत आवाजाच्या कुणालातरी बेन्शी करा. आधी चित्रपट दोनदा बघून प्रत्येक पाटी वहीत मराठीत उतरवून क्रमांक घाला. बोलीत उतरवा, 'तुम्ही कोठे निघाला आहात' असे नको. पाटी पडद्यावर येताच वाचा आणि ती जाण्याआधी संपवा, तेवढेच शब्द ठेवा. पाटी नसताना गप्प राहा. उत्साही माणूस चित्रातले सगळे सांगायला लागतो, 'आता बघा हं, बाप येतोय', आणि ते 'आय वॉज बॉर्न, बट…'मधल्या फिल्म दाखवण्याच्या प्रसंगात घातक ठरते. तिथे पोरांचे हसू थांबताना पडवीतही शांतता हवी. माईक लागेल. पावसावर मात करायला नुसता गळा पुरत नाही.

पडदा : पांढरी चादर इस्त्री करून, ६ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच, खालची कड जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर. मंडळी जमिनीवर बसणार, पुढच्यांची डोकी त्याखाली राहतात. हे चित्र ४:३ मापाचे. तुमचा प्रोजेक्टर १६:९ चा असेल तर साडेचार फूट उंचीसाठी त्याची पूर्ण रुंदी ८ फूट धरा. ज्याचे फेक-गुणोत्तर (पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी) दीड आहे तो १२ फुटांवर ठेवावा लागेल. दोन्ही कडांना काळे राहील, राहू द्या. 'रिकामे दिसते' म्हणून कुणी बटण दाबून चित्र ताणले तर चेहरे भोपळ्यासारखे होतात आणि कापून भरले तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. ओझूच्या चित्रात तो चौथा हिस्सा म्हणजे खाली किटली आणि वर डोके.

पावसाळी किडे प्रोजेक्टरच्या झोतावर येतात आणि पडद्यावर कावळ्याएवढे दिसतात. घराच्या मागे, लांब, एक झगझगीत पांढरा बल्ब कार्यक्रम सुरू होण्याआधी अर्धा तास लावून ठेवा. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालतो का ते आदल्या दिवशीच बघा, त्या वेळी फ्रिज बंद करून. कार्यक्रम झाल्यावर प्रोजेक्टर तसाच पडवीत ठेवू नका. दमट हवेत भिंगावर बुरशीची कोळिष्टके चढतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवा.

कंटाळा येतो. काहीच घडत नाही. — मालवण

आमच्या मते तुम्ही शेवटच्या चित्रपटांपासून सुरुवात केलीत. 'गुड मॉर्निंग' (१९५९) बघा. दोन भावांना घरात टीव्ही हवा असतो, बाप 'फार बोलू नका' म्हणतो, तर पोरे बोलणेच बंद करतात. त्यात पादण्याचे विनोद आहेत. १९३२ च्या उपोषणाचीच ही रंगीत धाकटी बहीण. त्यावरही कंटाळा आला तर सोडून द्या, पोटभर मासे जेवा, कुणाची सक्ती नाही.

आम्ही दशावतारी. फिरत्या नाटकमंडळीवर ओझूने दोन चित्रपट केलेत म्हणे, आधी कुठला बघू? आणि ते रंगीत चित्रपटातले लाल भांडे काय प्रकार आहे? — सावंतवाडी

गोष्ट एकच. मंडळीचा मालक एका गावात मुक्कामाला येतो. तिथे त्याचा तरणाताठा मुलगा आहे, पण मुलाला तो मामा वाटतो. मंडळीतल्या नटीला हे कळते आणि ती जळून एक डाव टाकते. १९३४ चा मूकपट आणि १९५९ चा रंगीत बोलपट, दोन्ही बघा, आधी जुना. जुन्यात मंडळीची गरिबी जवळून दिसते. रंगमंचावर कुत्र्याचे सोंग घेतलेले पोर आहे, गळक्या छपराखाली नाटक थांबते. पेटाऱ्यावर बसून रंग पुसणाऱ्यांना त्यात काही समजावून सांगावे लागणार नाही. १९५९ चा बंदराच्या गावी घडतो आणि त्याचे पहिलेच चित्र बघा. पुढे बाटली, मागे पांढरे दीपगृह, दोन्ही जवळजवळ एकाच उंचीचे. मधे एक भांडण आहे, मालक रस्त्याच्या एका वळचणीला, नटी समोरच्या, मधे धो धो पाऊस, आणि दोघेही पाऊस ओलांडत नाहीत. हा चित्रपट ओझूने परक्या स्टुडिओत, काझुओ मियागावा या छायालेखकाबरोबर केला, म्हणून प्रकाश इतर चित्रपटांहून जरा दाट आहे.

लाल भांडे म्हणजे 'इक्विनॉक्स फ्लॉवर' (१९५८) या पहिल्या रंगीत चित्रपटातली किटली. लाल रंग नीट उतरावा म्हणून त्याने आगफा कंपनीची फिल्म निवडली आणि मग करड्या-तपकिरी खोलीत एकच लाल वस्तू ठेवत गेला. ती किटली एका शॉटमध्ये इथे, दुसऱ्यात तिथे असते. कुणी हात लावलेला नसतो. रचना जुळावी म्हणून तो वस्तू सरळ सरकवायचा आणि आधीच्या शॉटशी मेळ लागतोय का याची पर्वा करायचा नाही. तुम्ही घरी करून बघाल तेव्हा लाल वस्तू एकच ठेवा. आपल्याकडे पिंजर, जास्वंद, गॅसचा सिलिंडर, देवळीतला लाल कपडा, सगळेच लाल असते. टिपण्याआधी सिलिंडर बाहेर काढा.